मेव्याची खिडकी

तुरुंगाच्या मोठ्या दरवाजाच्या डाव्या हाताला एक खिडकी होती. तिला सगळे मेव्याची खिडकी म्हणत. बाहेर एक लांब बाक, आत पत्रा ठोकलेलं टेबल आणि टेबलाला साखळीनं बांधलेली सुरी. त्या सुरीमागे अठ्ठावीस वर्षं एक बाई बसली. कैदी तिला मावशी म्हणायचे, शिपाई मावशी म्हणायचे, आणि मोठ्या साहेबांवर कागदावर तिचं नाव लिहायची वेळ आली की तेही जरा थांबून कारकुनाकडे बघायचे. "मावशींचं नाव काय हो?"

काम सांगायला सोपं होतं. घरून कैद्यासाठी जे काही खायला येईल ते उघडायचं, वास घ्यायचा, चार तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं पोट बघायचं आणि आत सारायचं. पावात पातं निघायचं, केकमध्ये चिठ्ठी निघायची. संत्र्याच्या सालीला सुई टोचून आत दारू भरणारे महाभाग तिनं बघितले होते. एकदा एका भोपळ्यात अख्खी कानस निघाली. भोपळा आणणारी बाई तेव्हा इतकी शांत उभी होती की मावशीलाच वाटलं, कानस भोपळ्यात उगवली असावी.

हे काम तिला शिकवलं तिच्या आधी तिथं बसणाऱ्या दाढीवाल्या बाबांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी सुरी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, चार म्हणजे चार. तीन केलेस तर आळशी म्हणतील, पाच केलेस तर खुनशी. कुणाच्या तरी घरचं आहे ते. त्याचा चुरा करायचा नाही."

"आणि चारात दिसलं नाही तर?"

"जे चारात दिसत नाही ते चाळीसातही दिसत नाही. डोळे लाव म्हणजे झालं."

दुसरा नियम त्यांनी दुपारी सांगितला, स्वतःचा डबा उघडताना. "इथलं कणभरही तोंडात टाकायचं नाही. वास घे, बघ, बोटानं दाब. जीभ लावायची नाही. एकदा लावलीस की बाहेर बोलतील, बाई मेवा खाते. मग तू शंभर वेळा शपथ घे."

तिनं दोन्ही नियम पदराला गाठ मारल्यासारखे बांधून घेतले. हात इतका चारावर बसला की घरीही सुटेना. कांदा चार, साबणाची वडी चार. नातीच्या वाढदिवसाला केक आला आणि पोरीच्या आधी हिचीच सुरी फिरली. चार फोडी झाल्या आणि ही वाकून आत बघायला लागली. नात म्हणाली, "आजी, सापडलं का काही?" तेव्हापासून घरात तिच्या हाती सुरी द्यायची नाही असा ठरावच झाला. नवरा पाण्याच्या पंपावर होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "मी रात्री कूस बदलतो ना, ती घाबरून बदलतो. ही माझ्याही पोटात काय आहे ते बघायची."

खिडकीवर एक वही असायची. जाड पुठ्ठ्याची, लाल कडेची. रकाने छापलेले: अनुक्रम, आणणारा, कोणासाठी, मेवा, शेरा. हा मेवा कुणी छापला, कोणत्या काळात छापला, कुणालाच ठाऊक नव्हतं. एक वही भरली की कारकून जुनीवरून नवी छापून घ्यायचा, त्यामुळे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तसाच उतरत आला होता. शिळा पाव आला तरी मेवा, उकडलेले बटाटे आले तरी मेवा. बराकीत आरोळी जायची, "मेवा आला रे", आणि ज्यांचं कुणी नव्हतं ते तेवढ्यापुरते भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांना बिनमेव्याचे म्हणत. आत यापेक्षा मोठी शिवी नव्हती आणि ती शिवी म्हणून कुणी द्यायचंही नाही.

नवे साहेब आले तेव्हा त्यांनी वही चाळली आणि हसले. "मावशी, दोन उकडलेली अंडी, एक बटाटा. याला मेवा?"

"रकाना तसाच आहे साहेब. मी नाही छापला."

आतल्या बाजूला वहीची पक्की नक्कल करायला एक म्हातारा कैदी बसायचा. आधी शाळेत शिकवत होता, म्हणून गुरुजी. तो कशासाठी आत आला हे विचारायची पद्धत नव्हती. गुरुजींनी चष्मा वर केला.

"शब्द फारसीतला आहे साहेब. तिकडे मेवा म्हणजे नुसतं फळ. झाडावरून तोडलेलं, ताजं. आपल्याकडे आला तो वाळून आला. मला वाटतं, लांबच्या रस्त्यावर ताजं फळ टिकत नसणार, म्हणून बदाम, मनुका, जर्दाळू एवढेच पोचत असतील, आणि लोकांना वाटलं मेवा म्हणजे हेच. हे माझं मत, कुठे लिहून घेऊ नका. मग श्रीमंताच्या ताटात जे जे गोड पडेल ते सगळं मेवामिठाई झालं. गरिबाच्या पोरांनी झुडपातून ओरबाडलेल्या बोरा-करवंदांना या शब्दात शिरायला मागे रान लावून यावं लागलं, रानमेवा. त्यानंतर जो खुर्चीवर बसून खातो तोही मेवाच खायला लागला."

साहेबांनी खुर्चीत जरा चुळबुळ केली. "आणि इथला?"

"इथं आणखी पुढं गेला. इथं मेवा म्हणजे जे आपल्यासाठी कुणीतरी आणलं ते. मग तो बटाटा का असेना."

"रकाना बदलून घ्यायला हवा," साहेब म्हणाले. "खाद्यवस्तू, नग, वजन. नीट." त्यांनी तसा कागद वर पाठवला. कागद वर गेला आणि कागद जसे वर जातात तसा वरच राहिला. ते त्या वेळी बरंच झालं, कारण त्याच वर्षी सुताराची गोष्ट घडली आणि ती त्या वहीत आहे. वाचणाऱ्याला दिसणार नाही, तरी आहे.

सुतार म्हणजे तुरुंगाच्या सुतारखान्यातला एक कैदी, पस्तिशीचा. बोलायला कमी, रंध्याला जास्त. त्याची म्हातारी आई दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायची. हातात गोल पत्र्याचा डबा. डब्यावर कधीकाळी घोडा होता, तो झिजून नुसते चार पाय उरले होते. डब्यात खजूर घातलेला जाड पाव. म्हातारीचा उजवा अंगठा वाकडा होता, तरुणपणी दारात चेमटलेला. त्या अंगठ्यानं ती कणकेत खजूर दाबायची, म्हणून पाव कापला की आतला खजूर तिरका उतरत गेलेला दिसायचा, पावसाची तिरकी सर असावी तसा. तळ एका बाजूनं दरवेळी करपलेला. चुलाणंच कलतं होतं म्हणे.

"कधी सरळ करून घेणार चुलाणं?" मावशी विचारायची.

"करपलेलं त्याला आवडतं," म्हातारी म्हणायची. "चांगलं तर सगळेच खातात."

मावशी चार तुकडे करायची, पोटं बघायची, आत सारायची. चार दिवसांनी डबा बाहेर यायचा, धुतलेला, आणि त्यात एक तुकडा. चौथा. तो सुतार आईसाठी परत पाठवायचा. बाहेर जाणारंही मावशीलाच तपासावं लागे, म्हणून तो तुकडाही तिच्या नजरेखालून जायचा, चार दिवसांनी कडक झालेला. म्हातारी पुढच्या मंगळवारी यायची ती डबा घ्यायला. बाकावर बसून तो तुकडा पाण्यात बुडवायची आणि बोळक्या तोंडानं चघळत बसायची. मायलेकरांचं एका ताटात जेवण व्हायचं ते असं.

भेटी बंद होत्या. त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी सुताराचा बाप गेला तेव्हा तारेनं निरोप आला होता. रजेचा अर्ज फिरत राहिला, आणि हा सुतारखान्याच्या छपरावरून भिंत ओलांडून पळाला. चौदा कोस चालत घरी गेला. पोलिसांना तो सापडला स्वयंपाकघरात, आईशेजारी, विळीवर कांदा चिरताना. पळालेल्या माणसानं कांदा चिरत बसावं याचं फौजदारालाही हसू आलं होतं म्हणतात. सुतार एवढंच म्हणाला, "ती एकटी होती." त्या एका कांद्याची शिक्षा दोन वर्षं वाढली आणि सुटेपर्यंत भेट, पत्र, सगळं बंद. चालू राहिला तो डबा.

सुटायला आठ महिने उरले होते, तेव्हा एका मंगळवारी डबा आला आणि म्हातारी नव्हती. सुताराची बहीण होती. डोक्यावरून पदर, डोळे सुजलेले.

"आई कुठाय गं?" मावशीनं विचारलं.

"पाय दुखतायत. म्हणून मी आले."

मावशीनं डबा उघडला. पाव तसाच गोल. उलटा करून बघितला, तळ सारखा भाजलेला. सुरी मधोमध घातली, पाव उघडला, आणि तिचा हात थांबला. खजूर सरळ होता. एका रेषेत, मोजून ठेवल्यासारखा.

तिनं मान वर केली नाही. "कधी?" एवढंच विचारलं.

बहिणीनं खिडकीची कड धरली. "आज तेरावा दिवस."

आत गुरुजींची लेखणी चालू होती ती बंद झाली.

"कचेरीत कळवलंस?"

"नाही. कळवणार नाही. मावशी, तुमच्या पाया पडते. बापाच्या वेळी काय केलं ठाऊक आहे ना तुम्हाला. आता कळलं तर तो परत भिंतीवर चढेल. मागच्या वेळी कोपऱ्यावर मनोरा नव्हता. आता बंदूकवाला बसतो तिथं. आठ महिने, मावशी. आठ महिने फक्त पोटात ठेवा."

नियमात काय बसत होतं ते मावशीला पक्कं माहीत होतं. कैद्याच्या घरचं बरंवाईट कानावर आलं तर कचेरीत सांगायचं, कचेरी त्याला सांगणार. न सांगावं तर नोकरीवर येईल, हा एक भाग. त्याहून अवघड दुसरा. इतकी वर्षं तिनं या खिडकीतून झाकलेलं काही आत जाऊ दिलं नव्हतं. पातं नाही, चिठ्ठी नाही, सुईएवढं काही नाही. आणि आता तिच्या पुढ्यात जे होतं ते तिनं कापून, उघडून, डोळ्यांनी बघितलेलं होतं.

"बस बाकावर," ती म्हणाली. "पाणी पी."

मग तिनं काहीतरी केलं जे आयुष्यात केलं नव्हतं. पावाचे चार तुकडे झाले होते, त्यातला प्रत्येक परत चिरला. आठ. परत चिरला. सोळा. सरळ खजुराची रेषा मोडली, तुकडे एकमेकांत मिसळले, कुठला तळ, कुठलं पोट, ओळखू येईना. डब्यात ओतले, झाकण लावलं, आत सारलं.

वहीत लिहिलं: आणणारा, घरून. मेवा, पाव एक.

गुरुजींनी नक्कल करताना तिच्याकडे बघितलं. "घरून?"

"घरूनच आलाय ना? की तुमच्या शाळेतून आला?"

गुरुजींनी नकलेत 'घरून' उतरवलं. जाताना तिनं बहिणीला बोलावलं. "पुढच्या महिन्यात पाव आणू नकोस. तुझा हात वेगळा आहे, तो ओळखेल. फळ आण. फळ कुणाच्या हातचं नसतं."

चार दिवसांनी डबा बाहेर आला. मावशीनं लगेच झाकण उघडलं. आत चार बारीक तुकडे होते. सोळातले चार. त्यानं मोजून चौथा हिस्सा पाठवला होता. मावशीनं ते काढून घेतले आणि बहिणीसाठी डबा रिकामाच ठेवला. तिला वाटलं, उतरलं घशाखाली. घरी गेल्यावर नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही, पण ताटात वाढलेलं ती बराच वेळ चिवडत बसली. तो म्हणाला, "आज माझ्या आमटीत काय शोधतेयस?"

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी बहिणीनं डाळिंब आणलं. मोठं, लालभडक. मावशीनं चार फोडी केल्या, सरळ, बाबांनी शिकवल्यासारख्या. पत्र्यावर दाणे सांडले ते बोटानं गोळा करून डब्यात टाकले. वहीत लिहिताना गुरुजी आतून हळूच म्हणाले, "पहिल्यांदा रकान्यात खरा मेवा आला बघा." कुणी हसलं नाही.

त्या वेळी डबा चार दिवसांनी आला नाही, दुसऱ्या दिवशीच आला. धुतलेला, पुसलेला. मावशीनं झाकण काढलं. आत काही नव्हतं. तळाशी घासणीचे ओरखडे तेवढे चमकत होते.

ती कितीतरी वेळ त्या डब्याकडे बघत राहिली. साडेतीन वर्षांत तो डबा कधी रिकामा आला नव्हता. सुतार तापानं फणफणला होता तेव्हाही चौथा तुकडा आला होता. बाकावर दोन बायका खोळंबल्या होत्या. एक म्हणाली, "मावशी, त्यात सापडलं का काही?"

"हो," मावशी म्हणाली, "थांब जरा."

आता सांगायलाच हवं होतं. ज्याला कळलंय आणि जो एकदा पळालाय त्याच्यावर पहारा बसवायचा असतो. अंधारकोठडीत घालतील, पायात बेडी येईल, साताचे नऊ महिने होतील, पण जिवंत राहील. न सांगावं आणि त्यानं छप्पर गाठलं, तर मनोऱ्यावरच्या पोरानं झाडलेली गोळी मावशीच्याच हातची. तिनं खुर्ची मागे सारली, कचेरीच्या दिशेनं चार पावलं गेली, परत आली. तिनं शिपायाला सांगितलं, सुताराला बोलाव, डब्यावर सही राहिलीय.

सुतार आला. कानामागे पेन्सिल, केसांत भुसा. जाळीपलीकडे उभा राहिला. गुरुजी उठून पाणी प्यायला गेले. त्यांना तहान कधी लागावी हे बरोबर कळायचं.

"डबा रिकामा आला," मावशी म्हणाली.

"हो."

"सगळं खाल्लंस?"

"तीन खाल्ल्या. चौथी फोड हातात घेऊन बसलो होतो. मग म्हटलं, आता ही कुणाला पाठवू?"

मावशीनं डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "मी म्हटलं होतं तिला फळ आण. फळावरून कळणार नाही."

"फळावरून नाही कळलं मावशी. पावावरून कळलं."

"खजूर सरळ होता म्हणून? मी तर तो..."

"खजूर दिसलाच नाही. तुम्ही सोळा तुकडे केले होते." त्यानं जाळीला बोट टेकवलं. "साडेतीन वर्षं मी तुमच्या हातचं खातोय. तुमचा हात कधी चारच्या पुढं गेला नाही. डबा उघडला आणि म्हटलं, मावशींनी एवढं कशाला चिरलं? त्यांना काय झाकायचं होतं? मग उलगडलं. तरी महिनाभर स्वतःला सांगत होतो, सुरी बोथट झाली असेल. तिच्या नावाचे चार तुकडे मोजून पाठवले. मग डाळिंब आलं. आईनं विकतचं फळ आयुष्यात आणलं नाही हो. तिच्या लेखी त्याला चवच नव्हती."

मावशीनं पदर तोंडाला लावला. खिडकीवर रडायचं नाही असा काही नियम नव्हता, पण तिनं तो स्वतःपुरता केला होता, आणि आज तोही मोडत होता.

"मी चुकले रे," ती म्हणाली.

"तुम्ही लपवायला गेलात. तुम्हाला ते काम येत नाही," सुतार म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. रंधा कुठं चालत नाही हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"मला एकच सांग. खरं सांग. मी कचेरीत जाऊ का नको?"

सुतारानं सुतारखान्याच्या छपराकडे बघितलं. तिथून भिंत दिसते, भिंतीपलीकडे झाडांचे शेंडे.

"त्या वेळी ती घरात एकटी बसली असेल हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं," तो म्हणाला. "म्हणून गेलो. आता जाऊन कुणाजवळ बसू? चूल थंड, बहीण तिच्या सासरी. पळायलाही पलीकडे कुणीतरी लागतं, मावशी. मी कुठं जात नाही."

मावशीनं त्याच्या पोटातलं बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिला जे यायला लागलं ते हेच. मग तिनं वही पुढं केली. "सही कर."

त्यानं सही केली आणि जाता जाता थांबला. "बहिणीला सांगू नका मला कळलंय ते. ती एवढं जपतेय. जपू दे. नाहीतर दर महिन्याला यायला तिला काय निमित्त राहील?"

अशी ती मधे सापडली. बाहेरून बहीण विचारायची, "कळलं तर नाही ना त्याला?" आतून सुतार विचारायचा, "तिला संशय तर नाही ना आला?" दोघांना ती एकच उत्तर द्यायची, "डबा गेला, डबा आला." सहा महिने. डाळिंब, सफरचंद, नाशपाती, पुन्हा डाळिंब. चार फोडी, कधी पाच नाही. डबा रिकामा यायचा आणि बहिणीला ते खटकायचं नाही, कारण चौथ्या तुकड्याची रीत तिला कधी माहीतच नव्हती. म्हातारी तो बाकावरच संपवून जायची.

पहिले दोन महिने मावशी सकाळी आली की आधी छपराकडे बघायची. पुढे बघायची सवय गेली. सुतारानं त्या काळात खिडकीखालचं डुगडुगणारं टेबल दुरुस्त केलं, बाकाला नवा पाय बसवला. कुणी सांगितलं नव्हतं.

तो सुटला त्या दिवशी मंगळवार नव्हता. धाकटं दार उघडलं आणि तो वाकून बाहेर आला, काखेत कपड्यांचं बोचकं. बहीण बाकावरून उठली. डबा तिच्या हातात होता. ती काहीतरी ठरवून आली होती, ते तोंडात फिरवत होती.

"दादा, घरी जायच्या आधी एक..."

"माहीत आहे मला."

बहीण मावशीकडे बघायला लागली. मावशी वहीत बघायला लागली.

"कधीपासून?"

"तू केलेल्या पावापासून. चांगला झाला होता. करपला नव्हता कुठंच."

बहीण मटकन बाकावर बसली आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं रडली. तो शेजारी बसला. पाठीवर हात ठेवला नाही, नुसता खांद्याला खांदा लावून बसला. बाकीच्या बायका सरकून लांब झाल्या, तशा जागेवर माणसं आपोआप शहाणी होतात. बऱ्याच वेळानं तिनं डबा उघडला. आत डाळिंब होतं, अख्खं. त्यानं ते हातात फिरवून बघितलं. न कापलेलं फळ हातात येऊन चार वर्षं झाली होती. बाकाच्या कडेवर आपटून त्यानं ते फोडलं आणि हातानं चार भाग केले, वेडेवाकडे. एक बहिणीला दिला. एक स्वतः खाल्ला. एक दारावरच्या शिपायाला. शिपाई नको नको म्हणत खाऊन मोकळा झाला.

चौथा घेऊन तो खिडकीपाशी आला आणि पत्र्यावर ठेवला.

"हा तुमचा."

"मी इथलं खात नाही," मावशी म्हणाली. "ठाऊक आहे तुला."

"आईचा होता. ती नाही. बहिणीला तिचा दिला. आता बोला कुणाला देऊ."

मागे गुरुजी खोकले. मावशीनं त्या फोडीकडे बघितलं. सवयीनं उचलली, वास घेतला, दाणे बोटानं बाजूला करून आत बघितलं. काही नव्हतं. मग वही ओढली. खिडकीत जे येईल ते लिहायचं, हा तर खिडकीचाच नियम. अनुक्रम घातला. आणणारा, या रकान्यात लिहिलं, सुतार. कोणासाठी, इथं लेखणी जरा अडली, मग लिहिलं, मावशी. मेवा, डाळिंब, एक फोड. शेरा कोरा ठेवला.

लिहून झाल्यावर ती खाली बसली आणि एकेक दाणा करून ती फोड संपवली. सुतार ती संपेपर्यंत उभा होता. मग बहिणीला घेऊन निघाला. डबा रिकामा होता, त्यानं तो काखेत घेतला.

पुढच्या वर्षी साहेबांचा कागद वरून खाली आला. नवी वही छापली: खाद्यवस्तू, नग, वजन. मावशी त्याच महिन्यात घरी बसली. जुन्या वह्या माळ्यावर गेल्या. बराकीत मात्र आरोळी अजून तीच जाते म्हणतात.